अभ्यासिकेची वर्गणी: आधी जुना हिशेब, मग नवी पावती

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यवतमाळ जिल्ह्यातलं ३०० घरांचं गाव. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांची तयारी करणारी पंचवीस-तीस पोरं-पोरी. समाजमंदिरामागची जुनी खोली अभ्यासिकेसाठी द्यायचं ग्रामपंचायतीने तोंडी कबूल केलं आहे. छताची दुरुस्ती, फरशी, वीज, टेबल-खुर्च्या, पुस्तकं, इन्व्हर्टर धरून साडेतीन लाखांचा अंदाज. ऑगस्टमध्ये तुम्ही सहा मित्र पावतीपुस्तक घेऊन आठ दिवस दारोदार फिरलात, ११ हजार जमले आणि जागोजागी ऐकावं लागलं, ‘दुर्गोत्सवाच्या मांगच्या वर्गणीचं काय झालं ते सांगा पयले.’ आणि आता तुम्ही विचारता, की लोकांना शिक्षणाचं महत्त्व कसं पटवून द्यावं.

महत्त्व त्यांना पटलेलंच आहे. पोराला अमरावतीला क्लास लावायला बकऱ्या विकणारी माय तुमच्याच गावात असेल. गावाने तुम्हाला नकाराचं कारण तोंडावर सांगितलं आहे आणि तुम्ही ते टोमणा समजून सोडून दिलंत. माझं सगळं उत्तर त्या एका वाक्याभोवती आहे.

२००३ नंतर जलस्वराज्य प्रकल्प आला तेव्हापासून मी गावोगावी लोकवर्गणीच्या कामात आहे. त्यात पाणी योजनेच्या खर्चाचा दहावा हिस्सा गावाने जमवायचा होता. आताच्या जलजीवन मिशनमध्येही सर्वसाधारण गावाला १० टक्के आणि आदिवासी किंवा अनुसूचित जातीबहुल गावाला ५ टक्के वाटा आहे, तो रोख, वस्तू किंवा श्रम कशातही देता येतो. शेजारशेजारची दोन गावं, सारखीच जमीन, सारखीच गरिबी. एका गावात वर्गणी दोन महिन्यांत पूर्ण आणि दुसऱ्यात दोन वर्षं रखडलेली, असं मी अनेकदा पाहिलं. दरवेळी खोदून विचारलं की मागे एखादी न सुटलेली गाठ निघायची. मंदिराच्या कळसाचे पैसे, सप्त्याची उरलेली तूर, शाळेच्या कंपाउंडसाठी घेतलेली आणि पुढे कोणी न विचारलेली रक्कम. बहुतेक वेळा कोणी पैसे खाल्लेले नसायचे. हिशेब कुणी मांडलाच नव्हता, एवढंच. पण न मांडलेला हिशेब आणि खाल्लेला पैसा यातला फरक गावाने कसा ओळखायचा?

म्हणून पहिलं काम: दुर्गोत्सवाचा तो जुना हिशेब सोडवा. तुम्ही म्हणाल, ते मंडळ आमचं नव्हतं. खरं आहे. तरी तो तुम्हीच सोडवा, कारण गाव तुम्हाला आणि त्यांना ‘पोट्टे’ या एकाच नावाने ओळखतं. ज्याच्याकडे ती वही आहे त्याच्याकडे चौकशीला नको, मदतीला जा. ‘दादा, पावत्या द्या, आम्ही लिहून काढतो.’ मंडपवाला, मूर्तिकार, डीजेवाला, प्रसादाचा किराणा, सगळ्यांकडून रकमा विचारून एका मोठ्या कागदावर जमा आणि खर्च लिहा. शे-पाचशेचा मेळ लागत नसेल तर ‘मेळ लागत नाही’ असंच लिहा. तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, खाली त्या मंडळाच्या लोकांच्या सह्या घ्या. शिल्लक असेल तर तिचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. ती अभ्यासिकेला मागू नका, मागितलीत तर सगळा खटाटोप त्यासाठीच होता असं लोक म्हणतील.

आता तुमच्या ११ हजारांकडे या. पावत्या कोणत्या नावाने फाडल्या? पैसे कुठे आहेत? प्रश्नासोबत तुम्ही जे फलकाचं चित्र पाठवलंत त्यावर एका मित्राच्या फोनचा क्यूआर कोड आहे. तो आजच काढा. त्या मुलाच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण त्याच खात्यात त्याचा मोबाइल रिचार्ज, घरचा गॅस आणि गावाची वर्गणी एकत्र झाली, की सहा महिन्यांनी त्याला स्वतःलाही वेगळं करता येणार नाही आणि मग त्याच्या आईबापाला पारावर मान खाली घालावी लागेल.

कायद्याचंही थोडं समजून घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे, नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे जमवायचे असतील तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश आणि दुर्गा मंडळं घेतात तीच ही परवानगी. अर्ज ऑनलाइन होतो. नंतर जमाखर्च सादर करावा लागतो. थोड्या मुदतीच्या कामाला हे पुरतं. अभ्यासिका मात्र वर्षानुवर्षं चालवायची गोष्ट आहे. त्यामुळे एक तर सात किंवा अधिक जणांची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि विश्वस्त कायद्याखाली नोंदवा, नाहीतर गावात आधीच नोंदणी असलेलं सार्वजनिक वाचनालय किंवा शिक्षण संस्था असेल तर तिच्या खात्यात ‘अभ्यासिका निधी’ असं वेगळं शीर्षक उघडून घ्या. तिसरी वाट ग्रामपंचायतीची. देणगी ग्रामनिधीत भरायची आणि ग्रामपंचायतीची पावती घ्यायची. ही सर्वांत स्वच्छ वाट, पण खर्च करताना प्रत्येक पंख्यासाठी ठराव आणि दरपत्रकं लागतात, आणि सरपंच बदलला की खोलीचं काय होईल ते सांगता येत नाही. मला विचाराल तर पहिल्या वर्षी जुन्या वाचनालयाच्या आसऱ्याने चालवा आणि मधल्या काळात नोंदणी करा. खोलीचा ठराव मात्र येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लेखी करून घ्या, किती वर्षांसाठी दिली तेही त्यात यायला हवं. दुसऱ्याच्या खोलीला फरशी बसवून नंतर बाहेर पडावं लागलेली पोरं मी पाहिली आहेत.

खातं राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत काढा, तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन चालतील असं. चार पैसे जास्त व्याजासाठी दुसरीकडे जाऊ नका. एका गावात शाळेच्या कुंपणाचे पैसे आम्ही एका पतसंस्थेत ठेवले होते, दीड टक्का जास्त मिळेल म्हणून. वर्षाच्या आत तिला टाळं लागलं. माझ्या सल्ल्यावरून ठेवले होते. त्या गावात पुढची तीन वर्षं कोणत्याही कामाला वर्गणी निघाली नाही आणि कुंपण शेवटी शिक्षकांनी आणि पालकांनी काटेरी झुडपं लावून केलं.

कोषाध्यक्ष कोणाला करायचं? तुमच्या सहा जणांपैकी कोणालाच नाही. गावात महिला बचत गट असतील. सरकारच्या उमेद अभियानाखाली असतील तर त्यांची पंचसूत्री त्यांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. पंधरा-वीस वर्षं दर महिन्याला दहा-बारा बायकांसमोर रुपयान् रुपया वाचून दाखवणारी बाई गावात कुठे ना कुठे असते. तिच्याइतकी हिशेबाची सवय गावातल्या पदवीधराला नसते. तिला कोषाध्यक्ष करा, नावापुरती नाही, वही तिच्या घरात राहील अशी. आणखी एक फायदा होतो. बायका ज्या घरात वर्गणी मागायला जातात तिथे चुलीपर्यंत जातात, आणि घरात खरंच पैसा आहे की नाही ते त्यांना विचारावं लागत नाही.

समितीत प्रत्येक मोहल्ल्यातला माणूस घ्या. खोली समाजमंदिराची आहे, तेव्हा त्या वस्तीतले दोन जण तरी हवेतच, आणि पारधी बेडा किंवा बंजारा तांडा गावाला लागून असेल तर तिथलंही कोणी. ज्या मोहल्ल्यात तुमचा माणूस नाही तिथून वर्गणी येणार नाही, आणि आली तरी तिथली पोरं अभ्यासिकेत येऊन बसणार नाहीत. माझ्या मते यातलं दुसरं जास्त वाईट.

आता वेळेचं. ऑगस्टमध्ये फिरलात हीच मोठी चूक. जून-जुलैत बी-बियाणं आणि खत, मग निंदण, फवारणी. पोळ्याच्या तोंडावर कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याकडे रोकड नसते, किराणासुद्धा उधारीवर असतो. त्या वेळी दारात उभं राहिलं की माणसाला नाही म्हणावं लागतं, आणि एकदा नाही म्हटलेला माणूस दिवाळीनंतर पैसा आला तरी आपला शब्द फिरवायला संकोचतो. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघतं. कापसाचा पहिला वेचा त्याच सुमारास, खरा पैसा नोव्हेंबर ते जानेवारीत. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा त्याच्या मागे. मार्च लागला की सोसायटीचं पीककर्ज भरायची धावपळ, तेव्हा पुन्हा हात आखडतो. म्हणजे तुमच्याकडे दिवाळी ते फेब्रुवारी एवढे चार महिने आहेत. तुमच्या गावात संत्र्याच्या बागा असतील तर मृगबहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा बहार, धरणाऱ्या लोकांकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. मजुरी करणाऱ्या घरांना हंगामापेक्षा वार महत्त्वाचा, आठवड्याचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो, तेव्हा त्याच संध्याकाळी.

रोख मागण्याआधी माल मागा. सप्त्याला आणि भंडाऱ्याला विदर्भात लोक गहू, तूरडाळ, ज्वारी किती सहज देतात ते तुम्ही पाहिलंच आहे. तोच हात अभ्यासिकेसाठीही उघडतो. एका गावात आम्ही दिवाळीनंतर तीन दिवस शाळेच्या रिकाम्या खोलीत वजनकाटा लावला. ‘मनात येईल तेवढा कापूस आणा’ अशी दवंडी दिली. १४० घरांतून ९ क्विंटल जमला. कापसाला आग लागू नये म्हणून येणाऱ्यांची बिडी-माचिस दाराशीच काढून ठेवायला एक म्हातारा तीन दिवस बसून होता. सकाळचा दवाचा कापूस घेतला नाही, दुपारनंतरच घेतला, नाहीतर जिनिंगवाला ओल धरून भाव पाडतो आणि गावात कुजबूज होते की पोरांनी कमी भावात विकला. जिनिंगची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, त्याच रात्री फलकावर लावली. ज्यांच्याकडे शेत नाही त्या वेचणाऱ्या बायकांनी आपापसात ठरवून एका वेच्याची मजुरी दिली, आम्ही मागितली नव्हती. वस्तू दिलेली डोळ्यांना दिसते, तिचं वजन सगळ्यांसमोर होतं, म्हणून संशयाला जागा राहत नाही. रोख रकमेचं तसं नसतं.

साडेतीन लाख हा आकडा एकदम सांगू नका, तो ऐकून दोनशे देणाऱ्याला वाटतं की आपल्या दोनशेने काय होणार. वहीत असं मांडा: १० हजार देणारी १० घरं, म्हणजे १ लाख. ३ हजारांची २५, म्हणजे ७५ हजार. १ हजाराची ६०, म्हणजे ६० हजार. २०० रुपयांची १५०, म्हणजे ३० हजार. झाले २ लाख ६५ हजार. उरलेले ८५ हजार रंग, विटा, सुतारकाम, गवंडीकाम आणि श्रमदानातून. मग समितीने बसून दहा हजारांची ती दहा घरं कोणती ते नावानिशी लिहायचं. दहा नावं सुचत नसतील तर अंदाजपत्रक कमी करा, इन्व्हर्टर पुढच्या वर्षी घ्या. आधी या मोठ्या दहांकडे जायचं आणि समितीच्या लोकांनी त्याच्याही आधी स्वतःची पावती फाडायची. ‘तुम्ही किती दिले?’ हा प्रश्न हमखास येतो.

घरटी सारखी रक्कम लावू नका. पंधरा एकरवाला आणि बिनशेतीचा यांना एकच आकडा सांगणं अन्यायाचं आहे. पण भूमिहीन घराला ‘तुमचं राहू द्या’ असंही म्हणू नका. त्या घरची पोरगी तिथे अभ्यास करणार आहे, तिच्या बापाला हक्काने ५० रुपये किंवा एक दिवसाचं काम देऊ द्या.

आणि आता जे मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचं आहे ते. ज्यांनी दिलं नाही त्यांची यादी कधीही, कुठेही लावू नका. फलकावर नाही, व्हॉट्सॲप गटात नाही, भोंग्यावरून तर मुळीच नाही. ‘बाकी असलेली घरं’ असा साधा शब्दसुद्धा नको. एका गावात उत्साही पोरांनी अशी यादी लावली होती, मी तेव्हा त्यांना अडवलं नाही. त्यातला एक शेतकरी, बोंडअळीने त्या वर्षी त्याचा अर्धा कापूस गेला होता, बँकेची नोटीस आली होती, घरात सावकाराचा निरोप येत होता. तो संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला रोज यायचा, यादी लागल्यापासून यायचा बंद झाला. आम्ही घरी गेलो तर बायकोने दार अर्धंच उघडलं. पुढे त्याच्या भावाने त्याला सावरलं, तो आहे, शेती करतो. पण त्या चार-सहा महिन्यांत काहीही होऊ शकलं असतं आणि आपल्या जिल्ह्यात काहीही म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. कर्जाने वाकलेल्या माणसाला गावात एकच जागा उरलेली असते, जिथे तो अजून कोणाचा देणेकरी नसतो. ती जागा आपण हिसकावायची नाही. एखादं घर अडचणीत आहे असं कळलं तर तिथे जाऊच नका, आणि गेलात तर चहा पिऊन, पोरांची चौकशी करून परत या.

देणाऱ्यांची नावं लावा, पण रकमेशिवाय, मोहल्ल्यानुसार. कोणाला रक्कम पाहायची असेल तर कोषाध्यक्ष ताईंच्या घरी वही उघडी आहे असं फलकावर लिहा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी जमा, खर्च, शिल्लक हे तीन आकडे फलकावर बदलत जा. काही जमलं नाही त्या महिन्यातही बदला.

मागायला निघण्याआधी खोलीचं रूप पालटा. सहा जणांनी आठ दिवस तिथलं भंगार काढा, भिंती खरवडा, चुना मारा. गाडगेबाबा आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा लोकांच्या पैशातून उभ्या केल्या, त्यांचा कारभार विश्वस्तांकडे सोपवला आणि त्यात घरच्यांचा हक्क ठेवला नाही. लोक त्यांना का देत होते हे यावरून कळतं. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही, खोलीसमोर खराटा दिसला की त्यांना आठवेल.

गावाबाहेरच्यांबद्दल. पुण्याला, चाकणला, नागपूरला नोकरीला असलेल्या पोरांची यादी सगळेच करतात. तुम्ही लेकींची यादी करा. गावातून लग्न होऊन गेलेल्या मुलींचं नाव गावाच्या कोणत्याच कागदावर राहत नाही, त्यांना कोणी वर्गणी मागत नाही. दिवाळीला, भाऊबीजेला त्या माहेरी येतात. तेव्हा एक संध्याकाळ खोलीत त्यांना बोलवा. आमच्या अनुभवात या बायका मोठ्या रकमा देत नाहीत, पण दरवर्षी देतात, आणि ‘मला शिकायला खोली नव्हती’ असं त्यांच्यापैकी एकीने म्हटलं की भावांची पाकिटं आपोआप उघडतात. गावातला कोणी परदेशात असेल तर एवढं बघा: त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर विदेशी अंशदान कायद्याची नोंदणी असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

८०जीच्या, म्हणजे देणगीदाराला मिळणाऱ्या आयकर सवलतीबद्दल तुम्ही विचारलंत. तुमची संस्था नोंदली जाऊन तिला ती मान्यता मिळाल्यावरचा हा प्रश्न आहे. तेव्हाही २ हजारांवरच्या रोख देणगीवर सवलत मिळत नाही, आणि नव्या कररचनेत असलेल्या नोकरदाराला ती लागूच नाही. त्यामुळे तिच्यामागे आत्ता धावू नका. कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीचंही तसंच. वणीकडे कोळसा खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, पण त्यांना तीन वर्षं काम केलेली, नोंदणीकृत संस्था लागते. खासदार-आमदार निधी मागायचा तर बांधकामासाठी मागा. तो पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत काम करणाऱ्या यंत्रणेकडे जातो, तुमच्या हातात येत नाही, आणि त्यासोबत नावाची पाटीही येते. घ्यायचा की नाही हे समितीने सगळ्यांदेखत ठरवावं.

साडेतीन लाख एकदाचे जमतील. पण वीजबिल, झाडलोट, वर्तमानपत्रं, मासिकं यांना महिन्याला दीड हजार तरी लागतील. ३० पोरांनी ५०-५० दिले तर तेवढे होतात, म्हणून फी ठेवा, फुकट करू नका. ज्याला जमत नाही त्याने झाडलोट करावी, आणि कोण फी देतं, कोण झाडतं हे बाहेर कळू नये. पुढे काही घरं तेरवीच्या जेवणाचा खर्च कमी करून अभ्यासिकेला पुस्तकं देतील. हे मी बऱ्याच गावांत होताना पाहिलं आहे. पण त्यासाठी कुणाच्या दारात जाऊ नका. पहिलं घर स्वतःहून येईल तोवर थांबा, दोन वर्षं लागली तरी.

ग्रामसभेला अजून वेळ आहे. दुर्गोत्सवाची वही कोणाकडे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुम्हाला माहीत असणार. उद्या संध्याकाळी, शेतातून माणसं परत आल्यावर त्यांच्याकडे जा. सहा जणांनी घोळक्याने जाऊ नका, दोघांनीच जा, आणि सोबत एखादी वडीलधारी ताई किंवा मावशी असू द्या. पावतीपुस्तक घरीच ठेवा.